तलावावरचं हळदीकुंकू

"काकू, उद्या सकाळी तलावावर चला. हळदीकुंकू आहे," मी म्हणाले.

प्रमिलाकाकू अंगणात बसून तीळ पाखडत होत्या. त्यांचं सूप हातातल्या हातात थांबलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून काडीनं बुटांचा चिखल काढत होते. नुकतीच तलावावरून आले होते, कॅमेरा अजून गळ्यातच होता आणि भुकेनं जीव चालला होता. काकू माझ्या घरमालकीण. त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली होती.

"तळ्यावर?" काकू म्हणाल्या. "हळदीकुंकू?"

"हो. कधीपासून म्हणताय ना, मलाबी एकदा ने म्हणून?"

"किती जणी असत्यात?"

"वीस-पंचवीस तरी आहेत."

"बया! सगळ्या हितल्याच?"

"इथल्याच. बाहेरून येणाऱ्या वेगळ्या. या बारा महिने इथंच असतात, पण कुणाचं लक्षच जात नाही त्यांच्याकडे."

"न्हाईच जात," काकू हळूच म्हणाल्या.

तर हळदीकुंकू म्हणजे बदक. आम्हा पक्षी बघणाऱ्यांत त्याचं नावच ते. अंगानं मातकट, खवल्याखवल्यांचं, लांबून कुणी ढुंकूनही बघणार नाही असं. पण चोच बघावी. काळी चोच, तिचं टोक हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळंजर्द, आणि मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा ठसठशीत लाल ठिपका. आमच्या लोकांचं बोलणं पक्ष्यांची असली नावं माहीत नसलेल्यानं ऐकलं तर त्याला वेड लागायची पाळी येईल. ‘परवा धोबी आला होता, काल फिरकला नाही.’ ‘चमचा चिखलात उभा होता, मी तासभर त्याच्यासाठी पालथी पडले होते.’ मला हा नाद लागून चांगली चार-पाच वर्षं झाली होती. हळदीकुंकू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बदक यायचं, दुसरं काही येतच नव्हतं. संक्रांतीपासून घरोघरी जे हळदीकुंकू चालतं, त्याचं मला कुणी आमंत्रणच देत नसे, मग ते आठवणार तरी कशाला?

"म्हणून जातीस व्हय तू तिथं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज काहीतरी वेगळाच झाला होता. "मला वाटायचं, नुसती पाखरांच्या नादानं जातीया पोरगी."

"नादच तो, काकू. एकदा लागला की सुटत नाही."

"गावात कुणाला ठाव न्हाई?"

"मी फारसं सांगतच नाही. गाजावाजा झाला की गर्दी होते, आणि मग या बिचाऱ्या परत यायच्या नाहीत."

"बिचाऱ्या," असं म्हणून काकूंनी पदर डोळ्याला लावला.

मला वाटलं, तिळातली धूळ गेली असेल.

"आन मी आलेलं चालंल न्हवं?"

"तुम्हाला नको म्हणणारं तिथं आहे कोण?"

"अजून दोघींना घिऊन येऊ? त्यांनाबी कुणी बोलवत न्हाई कुठं."

इथं मी जरा विचारात पडले. माझं लपण तलावाच्या काठाला होतं. लपण म्हणजे बाभळीच्या चार फांद्या रोवून त्यावर जुनं हिरवं कापड टाकलेलं, समोर लेन्सपुरती फट. त्यात बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला लागायचे. पण काकूंचा चेहरा इतका उजळला होता की माझ्यानं नाही म्हणवेना.

"आणा. पण तिथं अजिबात बोलायचं नाही हं. लपून, गप बसायचं."

"लपूनच करायला पायजे," काकू म्हणाल्या. "कळलं तर लोक काय ठिवत्यात का?"

लोकांचा आणि बदकांचा काय संबंध, ते मला कळलं नाही. मी वर जाऊन दोन अंडी फोडली आणि ते विसरून गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा तिशी ओलांडलेली होते आणि तालुक्याच्या त्या गावात एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होते. लग्न होऊन मोडलं होतं. कागदोपत्री सगळं रीतसर झालं होतं, नवरा नाशकात होता आणि मी इथं. माहेरी नको आणि सासरी तर नाहीच, म्हणून ही तिसरी जागा. गल्लीला मात्र माझं काय करायचं ते कळत नव्हतं. कुमारिका म्हणावी तर नाही, सवाष्ण म्हणावी तर नवरा दिसत नाही, आणि तिसरं काही म्हणायला माणूस तर जिवंत. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. कपाळाला टिकली लावावी की नाही, यावर मी रोज सकाळी आरशापुढे क्षणभर थांबायची आणि न लावता निघायची. तलावावर त्याचं काही नव्हतं. तिथं पक्ष्यांना फक्त माझी हालचाल दिसू नये एवढंच बघावं लागायचं.

काकूंचे यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती. घरात मुलगा आणि सून. सून सारिका, कामाला वाघ आणि बोलायला तुटक. दरवर्षी रथसप्तमीला तिचं हळदीकुंकू असायचं. सगळी गल्ली यायची. काकू त्या दिवशी सकाळपासून राबायच्या, वड्या थापायच्या, वाणं मांडून ठेवायच्या, आणि बायका यायच्या वेळेला स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. त्यांना कुणी जा म्हणून सांगत नसे. त्या आपल्या आपणच उठायच्या. आदल्या वर्षी मी वरून बघत होते. सारिका हातात वाण घेऊन जिन्यापर्यंत आली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वर बघितलं आणि परत फिरली. मला इतका राग आला होता की मी तिच्याशी महिनाभर पाण्याच्या टाकीपुरतंच बोलले.

या वर्षीची रथसप्तमी उद्यावर, नेमकी रविवारी, आली होती.

संध्याकाळी खालून हाक आली. "हेमांगी! काळं नेसलं तर चालंल?"

"काळं उत्तम!" मी वरून म्हणाले. "पांढरं मात्र नको. आणि भडकही नको."

"पांढरं कशाला नेसतीया मी," काकू खालून म्हणाल्या आणि चक्क हसल्या. मग ट्रंकेचं झाकण वाजलं, डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यानं वर आला. तिळाच्या वड्यांचाही आला. मला वाटलं, सारिकासाठीच चाललंय सगळं.

सकाळी मी एकटीच पुढं गेले. काकू म्हणाल्या होत्या, आम्ही मागनं रिक्षानं येतो. तलावावर धुकं होतं. पाण्याच्या कडेला बेशरमीची झुडपं ओली होऊन वाकली होती. शेकाटे लांब तांबड्या पायांवर उभे राहून पेंगत होते. मी लपणात शिरले, कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर लेन्स बसवली आणि बसून राहिले.

त्या हिवाळ्यात मला एकच फोटो हवा होता. हळदीकुंकवाची चोच, समोरून, सकाळच्या उन्हात, दोन्ही ठिपके एकदम दिसतील अशी. ऐकायला सोपं वाटतं. पण बदक तोंड फिरवतं, नाहीतर ऊन ढगात जातं, नाहीतर ते चोच पंखात खुपसून झोपून जातं. एका बाजूचे फोटो माझ्याकडे ढिगानं होते. समोरून एकही नव्हता. गेले कित्येक रविवार मी त्या फटीतून बघत बसले होते आणि आज ऊन माझ्या पाठीमागून येणार होतं.

धुकं वर उचललं गेलं आणि ती दिसली. पाणकणसाच्या कडेनं एकामागून एक बाहेर येत होती, सगळा थवा. एक तर इतकं जवळ आलं की त्याच्या पाठीवरचे पाण्याचे थेंब दिसायला लागले. मी श्वास रोखला. त्यानं मान वळवायला सुरुवात केली.

मागं बांधावर रिक्षा थांबली.

इंजिन बंद झालं, पायरव झाला, आणि कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "हितं कुठं गं हळदीकुंकू? हितं तर काळं कुत्रं न्हाई!"

मी वळून बघितलं. बांधावरून तिघी उतरत होत्या. पुढं प्रमिलाकाकू, काळीभोर चंद्रकळा नेसलेल्या, घड्यांच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. केसात गजरा नव्हता, पण अबोलीचं एक फूल होतं, पदराआड लपवल्यासारखं. मागं हिराक्का, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या. त्यांना मी ओळखत होते, कारण त्यांचा आवाज वरच्या खोलीपर्यंत यायचा. आणि त्यांच्या मागं एक तरुण बाई, जेमतेम माझ्याच वयाची. ती छाया, अंगणवाडीत मदतनीस. तिचा नवरा आदल्या पावसाळ्यात मोटारसायकलवरून पडून गेला होता. तिघींच्या हातात पिशव्या होत्या.

मी तोंडावर बोट ठेवलं. त्या लगेच गप झाल्या आणि वाकून लपणात शिरल्या. आम्ही चौघी कोंबून बसलो. काळ्या साड्या, डांबराच्या गोळ्यांचा वास. बदकं थोडी लांब सरकली होती, पण उडाली नव्हती. मी परत लेन्सला डोळा लावला.

पण बाजूच्या तिघी पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्या बांधाकडे बघत होत्या. कुणाची तरी वाट बघत होत्या.

"बाकीच्या कवा येणार?" काकूंनी कानात विचारलं.

"आल्या की," मी म्हणाले.

"कुठायत?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात काकूंनी पिशवीत हात घातला. आधी पितळेचं पंचपाळं काढलं, घासून लखलखीत केलेलं, एका वाटीत हळद आणि एका वाटीत कुंकू. मग वड्यांचा डबा. मग एकात एक घातलेल्या स्टीलच्या वाट्यांची चळत, दोऱ्यानं बांधलेली.

"पंचवीस घेतल्यात," त्या म्हणाल्या. "सारिकाच्या वाणातल्या न्हवं, माझ्या मी आणल्यात. पुरतील न्हवं?"

आधी मला काहीच कळलं नाही. मी पंचपाळ्याकडे बघितलं, वाट्यांकडे बघितलं, काकूंच्या चंद्रकळेकडे बघितलं. मग आदल्या दिवशीचं सगळं बोलणं माझ्या डोक्यात उलटं फिरायला लागलं. किती जणी असत्यात. हितल्याच का. बिचाऱ्या. लपूनच करायला पायजे. काकूंना वाटलं होतं, गावात जिला कुणी बोलवत नाही अशा बायका दर रविवारी पहाटे गावाबाहेर तलावावर जमतात, आपसात हळदीकुंकू करतात आणि दिवस उजाडायच्या आत आपापल्या घरी जातात. आणि ही वरच्या खोलीतली, नवऱ्यानं टाकलेली की नवऱ्याला टाकलेली, कॅमेऱ्याचं निमित्त करून तिथंच जाते. पंचवीस जणी असतात. आणि आज आपल्यालाही बोलावलंय.

आता यांना काय सांगायचं? रद्द झालं म्हणावं? कुणी आजारी पडलं म्हणावं? पण पुढच्या रविवारचं काय?

"मी जाऊ का परत?" छाया हळूच म्हणाली. "माझं अजून वरीसबी झालं न्हाई. कुणी काय म्हणालं म्हंजी?"

"गप बस गं," काकू म्हणाल्या. "हिनं सोता बोलीवलंय. मी शबूद दिलाय तुला, कुणी काय म्हणणार न्हाई." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांग की तिला."

हिराक्का माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना संशय आला होता. "मला तर लक्षण बरं दिसंना, परमिले. कुणी येत न्हाई का जात न्हाई. ह्या पोरीनं तुझी फिरकी घेतलीया."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. "हेमांगी?" त्या म्हणाल्या.

मी बाजूला सरकले आणि कॅमेऱ्याकडे हात केला. "इथून बघा, काकू. या फटीतून. डोळा लावा."

काकू गुडघ्यावर बसल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. मी लेन्स फिरवून त्या जवळच्या बदकावर आणली.

"चोचीला हाय," त्या म्हणाल्या. "हळद. आन हिकडं कुंकू."

"दोन्हीकडे आहे. म्हणून त्यांना हळदीकुंकू म्हणतात."

"ह्या पंचवीस?"

"या."

"बारा महिने हितंच?"

"हो काकू. मी... माझ्या लक्षातच आलं नाही. मला खरंच वाटलं, तुम्हाला बदकंच बघायचीत."

काकू लेन्सवरून उठल्या नाहीत. पाठीवरून मला त्यांचं काही कळत नव्हतं, रडतायत की काय. चूक माझी होती की त्यांची की त्या बदकाची, तेही कळत नव्हतं. हसावं म्हटलं तर हसू येईना, रडावं तर कारण काय सांगणार?

"काय म्हणतीया?" हिराक्कांनी विचारलं.

काकूंनी चष्मा खाली घेतला. "बदकं हाईत, हिरे."

"कुठली बदकं?"

"पाण्यातली. त्यांचं नाव हळदीकुंकू."

हिराक्कांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या ज्या उठल्या, त्या लपणाचं कापड डोक्यावर घेऊनच. "बदकाच्या हळदीकुंकवाला आणलंस व्हय मला? पहाटं अंघोळ करून? त्या रिक्षावाल्याला मी सांगितलं, वारलेल्या भावाच्या वरीसश्राद्धाला चाललोय म्हणून! आन तू मला बदकं दावतीस?"

सगळा थवा एकदम उठला. पंखांचा फडफडाट, पाण्याचा सडाका, आणि हिरव्यापांढऱ्या पट्ट्या चमकवत ती बदकं तलावाच्या पार पलीकडे गेली. माझा फोटो गेला. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलंच नाही.

"व्हय, बदकांच्याच आणलंय," काकू म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "माणसांनी बोलीवलंय का तुला कवा? मला बोलीवलंय? माझ्या घरात आज सांजच्याला हळदीकुंकू हाय, आन मी चुलीपाशी बसणार हाय. मला वाटलं, कुठंतरी असंल. कुठंतरी असावं, असं वाटलं मला. चुकलं माझं."

त्या मटकन खाली बसल्या आणि वाट्या पिशवीत भरायला लागल्या. दोरा सुटला. एक वाटी घरंगळत पाण्यापर्यंत गेली आणि तिथं चिखलात रुतून बसली.

ती आणायला छाया उठली. वाटी पाण्यात धुतली, पदरानं पुसली आणि काकूंपुढे येऊन बसली. वाटी मात्र परत दिली नाही, हातातच धरून ठेवली.

"मला लावा की कुणीतरी," ती म्हणाली.

हिराक्का काकूंकडे बघायला लागल्या, काकू पंचपाळ्याकडे.

"आता आलोय तर. मला लई वाटत होतं रातभर." छायानं वाटी छातीशी धरली. "परत कुठं येणार हाय मी?"

हिराक्कांचा राग पाण्यात विरघळला की काय, कोण जाणे. त्या उभ्याच्या उभ्या विचार करत होत्या. "लावायचं कुणी पर?" त्या म्हणाल्या. "आपण तिघीबी तसल्याच. लावायला सवाष्ण लागती."

आणि मग तिघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"मी?" मी म्हणाले. "माझं काय... मी कोण म्हणून?"

"तुझा नवरा हाय न्हवं जित्ता?" हिराक्कांनी विचारलं.

"आहे. नाशकात."

"धडधाकट?"

"चांगला धडधाकट. त्यानं दुसरं लग्नही केलंय."

"करूंदे की. मेला तर न्हाई? मग झालं." हिराक्का ठाण मांडून बसल्या. "तेवढा तरी उपेग झाला म्हणायचा त्याचा."

छाया फस्सकन हसली. तोंडावर हात दाबून हसली, आणि मग तिला आवरेचना. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि त्याही हसल्या, डोळे पुसत पुसत. मला हसू आलं, आणि त्याच वेळी असं काहीतरी आत हललं की मी तलावाकडे तोंड फिरवलं. कोर्टानं, माहेरच्यांनी, गल्लीनं, कुणी मला मी कोण ते सांगितलं नव्हतं. हिराक्कांनी दोन प्रश्नांत सांगून टाकलं. ते मला पटलं की नाही, तेही मला ठरवता येत नव्हतं. पण पंचपाळं माझ्यापुढे होतं आणि छाया कपाळ पुढं करून बसली होती, डोळे मिटून.

मी हळदीत बोट बुडवलं.

"त्या बोटानं न्हवं," हिराक्का म्हणाल्या. "त्याच्या शेजारच्या. शिकीवलं न्हाई का आईनं?"

छायाच्या कपाळाला माझं बोट लागलं, तेव्हा ती थरथरली. मग हिराक्का. त्यांनी हनुवटी वर केली, डोळे उघडे ठेवले आणि सगळा वेळ माझ्याकडे रागानं बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर गोंदलेला एक हिरवा ठिपका होता, मी कुंकू त्याच्यावरच लावलं. शेवटी काकू. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या ते पुसतही नव्हत्या, आणि माझं बोट घसरलं. कुंकू जरा वाकडं, उजव्या भुवईकडे ओढलं गेलं.

"आन हिला?" छायानं विचारलं.

"मला कसं लावता यील," काकू म्हणाल्या. "मी न्हाई लावायची."

"लाव गं," हिराक्का म्हणाल्या. "बदकं काय गावात सांगत जात न्हाईत."

काकूंनी मला लावलं. त्यांचं बोट थंड होतं. मग आम्ही वड्या खाल्ल्या, वाट्या वाटून घेतल्या. मी कॅमेऱ्याला हात लावला तर हिराक्का म्हणाल्या, "फोटू काढशील तर बघ." मी लेन्सला झाकण लावून टाकलं. त्यानंतर मी हळदीकुंकवाचे पुष्कळ फोटो काढले, समोरूनही काढले. त्या सकाळचा एकही नाही.

निघताना छाया पाण्यापाशी गेली. ओंजळीत पाणी घेऊन कपाळ नीट धुतलं, पदरानं दोनदा पुसलं. "घरी सासू हाय," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिराक्कांनी काही पुसलं नाही. "माझ्या घरात बघायला हाय कोण?" असं म्हणून त्या रिक्षात बसल्या.

काकू माझ्या स्कूटीवर मागं बसल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "पुसू का?"

"तुमच्या मनावर, काकू."

पेट्रोलपंपापाशी परत विचारलं. "सारिका असंल दारात. पुसू का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळंना बघ."

मलाही कळत नव्हतं. पुसा म्हणणं जिवावर येत होतं. ठेवा म्हणायला मी कोण, घर त्यांचं आणि संध्याकाळ सारिकाची. सारिका चार माणसांत काही बोलली तर काकूंना ते सोसवलं नसतं. मी गाडी हळू चालवत राहिले, काकू पदराचं टोक हातात धरून बसल्या होत्या, आणि त्या घोळात गल्ली आली.

सारिका दारात बसून रांगोळी काढत होती. संध्याकाळची तयारी. गाडी थांबली तशी तिनं मान वर केली. काकू उतरल्या. पदर पुढं ओढायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता.

सारिकानं चंद्रकळा बघितली, मग कपाळ बघितलं. ती उभी राहिली.

"कुठं गेला होता, आई?"

"हळदीकुंकवाला," काकू म्हणाल्या. आवाज जेमतेम बाहेर आला.

"कुणाच्या?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. बदकांचं नाव मला सांगता आलं असतं, सगळा घोटाळा सांगता आला असता, त्यावर हसून सगळं मिटलंही असतं कदाचित.

"माझ्या," मी म्हणाले.

सारिका माझ्याकडे बघत राहिली. माझ्या कपाळाकडेही तिनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळेना. मग ती सासूकडे वळली.

"इकडं या."

काकू एक पाऊल पुढं आल्या. सारिकानं बोटांची रांगोळी कमरेला पुसली आणि हात वर केला. काकूंनी डोळे मिटून घेतले. मी पुढं झाले, कशाला ते मला माहीत नव्हतं, बहुतेक तिचा हात धरायला.

"वाकडं लागलंय," सारिका म्हणाली.

करंगळीच्या कडेनं तिनं भुवईकडे ओढलेलं कुंकू पुसून घेतलं, उरलेलं मधोमध आणलं, गोल केलं, आणि जरा मागं होऊन बघितलं. मग परत एकदा करंगळी फिरवली.

"तुम्हाला लावता येत न्हाई व्हय?" तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं.

"सवय नाही," मी म्हणाले.

"मग संध्याकाळी लवकर या खाली," ती म्हणाली आणि परत रांगोळीपुढे बसली. "बायका भरपूर यायच्यात. हात बसंल."